हवामान पाहून पाणी देणारा कंट्रोलर निवडताना
बागेचं पाणी : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण बागेचे झोन पाडले. हिरवळ वेगळी, फुलझाडांचे वाफे वेगळे, कुंपणाची झुडपं वेगळी. प्रत्येकाची पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह स्वतंत्र. आता हे व्हॉल्व्ह रोज कोणी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, ते ठरवायचं आहे.

साधा टायमर हे काम करतो, पण त्याला दिवस आणि वेळ एवढंच कळतं. सकाळी सहाला वीस मिनिटं म्हटलं की मे महिन्यातही वीस आणि डिसेंबरातही वीस. भर पावसात कारंजी उडताना दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा असा टायमरच असतो. हवामानावर चालणारा ‘स्मार्ट’ कंट्रोलर बागेतून रोज किती पाणी उडून गेलं याचा हिशेब ठेवतो आणि तेवढंच भरून काढतो.

मातीतून होणारं बाष्पीभवन आणि पानांतून होणारं उत्सर्जन मिळून बाष्पपर्णोत्सर्जन होतं. तापमान, ऊन, वारा आणि हवेतली आर्द्रता यांवरून ते काढण्याचं पेनमन-मॉन्टिथ सूत्र जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली प्रमाण म्हणून मांडलं. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर.

पुण्यातल्या १०० चौरस मीटर, म्हणजे हजार चौरस फुटांहून थोड्या मोठ्या हिरवळीचं उदाहरण घेऊ. मे महिन्यात हा आकडा दिवसाला साधारण ७ मिलिमीटर असतो, डिसेंबरात साडेतीनच्या आसपास. हिरवळीसाठी त्याला ०.८ने गुणलं, तर मे महिन्यात रोजची गरज ५६० लिटर आणि डिसेंबरात २८०. मे महिन्यात लावलेला टायमर तसाच राहिला, तर थंडीत रोज २८० लिटर पाणी फुकट जातं. ही तफावत आपोआप भरून काढण्यासाठीच कंट्रोलरवर पैसे घालायचे.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा : याला हवामान कळतं कुठून? काही कंट्रोलरमध्ये महिनावार सरासरीचा तक्ता आधीच भरलेला असतो. काही तापमान आणि ऊन मोजणारा सेन्सर बागेतच बसवतात. बाकीचे इंटरनेटवरून जवळच्या केंद्राची माहिती घेतात. तिसरा प्रकार सध्या सर्वाधिक खपतो, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव या पुण्यातल्याच वेधशाळांचे पावसाचे आकडे एकाच दिवशी वेगवेगळे निघतात. वळवाचा पाऊस तर कोथरूडला झोडपतो आणि हडपसरला थेंबही पडत नाही. दूरच्या केंद्रावर पाऊस नोंदला गेला की आपला कंट्रोलर कोरड्या बागेचं पाणी तोडतो, उलटही घडतं. तापमान आणि ऊन शहरभर फारसं बदलत नाही, पाऊस बदलतो. त्यामुळे हवामान इंटरनेटवरून आलं तरी चालेल, पाऊस मात्र आपल्याच अंगणात मोजायला हवा. रेन सेन्सर जोडायची सोय नसलेला कंट्रोलर घेऊ नका. सेन्सर बसवताना तो पागोळीखाली किंवा झाडाच्या सावलीत नको. त्याच्या डोक्यावर उघडं आकाश हवं.

दुसरा प्रश्न : आपल्या मातीबद्दल याला काय सांगता येतं? काळी माती पाणी हळू पिते, पण धरून ठेवते. मुरमाड जमिनीत पाणी झटकन उतरतं आणि लवकर संपतं. चांगल्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक झोनसाठी माती, झाडांचा प्रकार, ऊन-सावली, उतार आणि तुषार की ठिबक हे वेगवेगळं भरता येतं. काळ्या मातीसाठी पाणी तुकड्यांत द्यायची सोय हवीच : एकदम चोवीस मिनिटं देण्याऐवजी आठ-आठ मिनिटांच्या तीन पाळ्या, मध्ये अर्धा तास विश्रांती. एरवी पाणी वाहून गटारात जातं आणि मुळाशी वाफसा येत नाही.

आणखी एक आकडा आपणच मोजून द्यायचा. हिरवळीवर सरळ कडांचे पाच-सहा डबे ठेवा, तुषार पंधरा मिनिटं चालवा, प्रत्येकातलं पाणी पट्टीने मोजा. सरासरीला चारने गुणलं की तासाला किती मिलिमीटर पाणी पडतं ते कळतं. हा आकडा चुकला तर हवामान अचूक असूनही पाणी चुकीचंच मिळेल.

तिसरा प्रश्न आपल्याकडच्या घरांचा. परदेशी माहितीपत्रकांत नळाला चोवीस तास दाबाने पाणी असतं असं गृहीत धरलेलं असतं. आपलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. एकमजली बंगल्यात टाकीपासून बागेपर्यंत सहा-सात मीटरच असतात. बागेतल्या बहुतेक सोलेनॉइड व्हॉल्व्हना नीट उघडझाप करायला साधारण एक बार तरी लागतो, तुषारांना त्याहून जास्त. म्हणजे पंप आलाच. कंट्रोलरवर पंप सुरू करायचं टर्मिनल आहे का, ते पाहा. त्यातून निघणारी वीज फक्त २४ व्होल्ट असते, त्यामुळे पंप थेट न जोडता रिलेमार्फतच जोडायचा. टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालू नये याची व्यवस्था वेगळी करावी लागते.

वीज आणि इंटरनेट जाणं धरूनच चाला. वीज परतल्यावर सेटिंग जागेवर राहतात का, आणि वायफाय नसताना कंट्रोलर ठरलेलं वेळापत्रक चालवतो का, हे दुकानातच प्लग काढून तपासा. नातेवाइकांकडून अमेरिकेतला कंट्रोलर मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा आहे आणि आपला २३० व्होल्टचा.

तिथल्या पर्यावरण संस्थेच्या ‘वॉटरसेन्स’ या शिक्क्याला मात्र अर्थ आहे. २०११ साली ठरलेल्या निकषांनुसार सहा काल्पनिक झोनांवर कंट्रोलरची चाचणी होते. प्रत्येक झोनला गरजेच्या किमान ८० टक्के पाणी मिळावं लागतं आणि जादा पाणी १० टक्क्यांवर जाऊन चालत नाही. पण तिथे कंट्रोलरला सगळी माहिती अचूक भरलेली असते. आपल्या बागेत ती अचूक भरणं ही आपली जबाबदारी.

गच्चीवर वीस कुंड्या असतील, तर हे यंत्र घेऊ नका. बॅटरीवरचा टायमर आणि ठिबक पुरे. कुंड्यांची माती इतक्या लवकर वाळते की हिरवळीसाठी केलेला हिशेब तिला लागू पडत नाही. हजार चौरस फुटांच्या वर हिरवळ आणि तीन-चार झोन असतील, तर खर्च सार्थकी लागेल. खरेदीचा क्रम असा ठेवा : आधी रेन सेन्सरची सोय, मग पाळ्यांत पाणी देण्याची सोय, मग पंपाचं टर्मिनल, आणि मोबाइल अ‍ॅपचं देखणेपण सगळ्यात शेवटी. पुढच्या लेखात टाकी, पंप आणि दाबाचं गणित पाहू. तोवर डब्यांची चाचणी करून आकडा वहीत लिहून ठेवा, तो लागणार आहे.