आरपार दगड

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा घरी आलो आणि दमून झोपलो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आमचे धनी हायब्रीडच्या जागलीला शेतात होते म्हणून वाचले. मी दाराजवळ निजले होते म्हणून वाचले. चार वर्षांचा माझा मुलगा आतल्या खणात सासूबाईंच्या कुशीत होता. दुपारी दोघांना काढलं, तेव्हा त्याच्या कानामागे मिरवणुकीतला गुलाल तसाच होता.

आमचं गाव सास्तूरच्या अंगाला. लातूर-उस्मानाबाद मिळून हजारोंच्या संख्येनं माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवानं तुला काहीतरी कारणानं राखलं गं." मला त्याचा संताप यायचा. मग माझ्या लेकराला कोणत्या कारणानं नेलं? वाचलेल्या माणसाला हे वाक्य कुणी ऐकवू नये, असं मला आजही वाटतं.

पत्र्याच्या शेडमध्ये राहवेना, तेव्हा भावानं मला औसा तालुक्यात माहेरी नेलं. तिथली घरं तडकली होती, पण उभी होती. ती मजबूत करण्याची सरकारी योजना आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहाय्यक' नेमलं. घरमालक, गवंडी आणि इंजिनिअर यांच्यामधलं बोलणं आम्ही करायचं. वहिनी म्हणाली, "नुसतं रजिस्टर धरून बस." मी बसले.

पहिल्याच बैठकीत इंजिनिअरनं भिंत समजावली. आमच्याकडच्या दगडमातीच्या भिंती दोन-तीन फूट जाड. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिखल आणि कपच्यांचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. सासऱ्यांच्या हयातीत आमचं माळवद हातभर जाड झालं होतं. जमीन हलली की भिंतीचे थर एकमेकांना सोडतात आणि वरचं सगळं ओझं खाली येतं.

मी रजिस्टर मिटलं. माझ्या मुलावर काय पडलं ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते दुरुस्त करता येतं हेही कळलं. त्या रात्री मी वर्षभरानं पोटभर जेवले.

पुढे दारोदार तेच काम. माळवदाची जादा माती उतरवायची, खांब-तुळईच्या जोडाला तिरपे टेकू द्यायचे, भिंतीला आरपार भोक पाडून वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचं. एक म्हातारा गवंडी म्हणाला, "ताई, चाळीस वर्षं भिंती रचल्याव म्या. आता तू शिकिवणार व्हय?" मी त्यांना माझ्या घराची भिंत कशी उकलली ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घराला आधी भोकं पाडली.

एका प्रशिक्षणात डॉक्टरबाईंनी सांगितलं, दुःखातून माणसात असा बदल होतो, त्याला आघातानंतरची वाढ म्हणतात. टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात तिला नाव दिलं. माणसं जवळची होतात, आपल्यातलं बळ कळतं, नवी वाट सापडते, साध्या दिवसाची किंमत वाटू लागते. पण दुःख त्यामुळे हटत नाही, दोन्ही एकाच घरात नांदतात. हे मला पटलं. आणि सगळ्यांनाच ते साधत नाही. माझी जाऊ अजून अंगणात पत्र्याखाली निजते, तिला कुणी कमी लेखू नये. मी मात्र आता छताखाली झोपते. जाग आली की आधी आढ्याकडे बघते, मग चहा टाकते. तो पहिला घोट मी कधी घाईत घेत नाही.

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा आम्हा काही बायकांना तिकडे नेलं. एका तंबूत माझ्याच वयाची एक बाई बसली होती. तिला मराठी येईना, मला कच्छी. परातीत बाजरीचं पीठ होतं, तिनं ते नुसतं पुढ्यात घेतलेलं. मी शेजारी बसून पाणी घातलं, मळलं आणि भाकरी थापायला घेतली. तिनं थोडा वेळ बघितलं. मग माझा हात बाजूला सारला आणि रोटला कसा थापतात ते मला दाखवू लागली.