आपल्याकडचे चिनी

श्रोतेहो, संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या सावेडीत प्रोफेसर कॉलनीच्या चौकात उभे राहिलात, तर तांबड्या रंगाची एक हातगाडी तुमच्या नजरेस पडेल. तिच्यावर सोनेरी अजगर काढलेला असतो, कढईखाली जाळ भडकलेला असतो आणि वर मोठ्या अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेले असते. गाडीवाला पाथर्डी तालुक्यातला, हाताखालचा पोरगा शेवगावचा, आणि खाणारे आपण सगळे नगरचे. चिनी माणूस तिथे औषधालासुद्धा सापडायचा नाही. मी एकदा गाडीवाल्याला सहज विचारले, “काय हो, तुम्ही कधी चिनी माणूस पाहिलाय का?” तो म्हणाला, “सर, टीव्हीत पाहिलाय.”

माझ्या आजीने मात्र पाहिला होता. तिच्या तरुणपणी, म्हणजे १९५०च्या पुढे-मागे, एक चिनी फेरीवाला सायकलीला कापडाचे गाठोडे बांधून नगरच्या पेठांतून हिंडत असे. ओसरीवर बसून गाठोडे सोडायचा, रेशमाचा तागा मांडीवर उलगडायचा आणि मोडक्या हिंदीत भाव सांगायचा. बायका घासाघीस करायच्या, तोही करायचा. त्याच्याकडून घेतलेल्या रेशमाचे पोलके आजीने कितीतरी वर्षे जपून ठेवले होते. “पुढे तो यायचा बंद झाला,” एवढेच ती सांगायची. का बंद झाला, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिने विचारलेही नव्हते. त्या ‘का’चा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

चिनी माणूस आणि महाराष्ट्र यांची ओळख तशी फार जुनी. इ.स. ६४१च्या सुमारास ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू आपल्या मुलखात आला होता. त्या वेळी इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि संकटात सापडलेला कोणी मदत मागायला आला तर स्वतःचे भान विसरून धावतात, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. हा मजकूर आपण शाळेत अभिमानाने शिकवतो. त्यातले शेवटचे कलम जरा लक्षात असू द्या.

पण ह्युएनत्संग हा पाहुणा. आला, पाहिले, परत गेला. घर सोडून पोट भरायला येणारा चिनी माणूस आला तो फार उशिरा, इंग्रजांच्या अमदानीत. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडुंग आणि फुकिएन या प्रांतांत माणसे फार आणि जमीन थोडी. त्यात १८३९ ते १८४२ हे अफूचे युद्ध झाले, पाठोपाठ १८५० पासून चौदा वर्षे ताइपिंगचे बंड चालले. लोक बंदरे गाठू लागले. कोणी मलायात कथलाच्या खाणीत गेला, कोणी कॅलिफोर्नियात सोने शोधायला गेला आणि तिथल्या आगगाडीचे रूळ टाकत बसला. त्याच अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले, ते १९४३ पर्यंत.

आणि अफू म्हणाल, तर तीत आपलाही हात होता. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून गलबतांत चढायची आणि चीनला जायची. मुंबईच्या कितीतरी धनवंतांच्या तिजोऱ्या या व्यापाराने भरल्या. त्यांनी दानधर्मही मोठा केला, रुग्णालये बांधली, शाळा काढल्या. ते पुण्य खोटे नाही. पण ज्या मुलखाची राखरांगोळी झाली त्या मुलखातली माणसे पुढे मुंबईच्या गोदीत कामाला आली, हेही खोटे नाही.

मुंबईच्या आधी महाबळेश्वरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याला सर्वांत जवळची आणि सर्वांत कमी माहीत असलेली. १८२९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरचे ठाणे वसवले. थंड हवेचे ठिकाण तर मिळाले, पण तिथे रस्ते करायचे कोणी? त्या काळी सरकारची एक रीत होती. सिंगापूर, मलाक्का, पिनांग इकडे जन्मठेप झालेल्या चिनी आणि मलायी कैद्यांना समुद्र ओलांडून हिंदुस्थानात पाठवायचे, आणि हिंदुस्थानातल्या कैद्यांना तिकडे धाडायचे. घरापासून जितका दूर, तितका कैदी मुकाट राहतो, असा हिशेब. त्याप्रमाणे १८३० नंतरच्या दशकात महाबळेश्वरी चिनी कैद्यांचा तुरुंग उभा राहिला. सुमारे सव्वाशे माणसे त्यात मावत.

या कैद्यांनी डोंगर फोडून रस्ते केले. आज आपण ज्या वाटांनी पॉइंट पाहायला जातो, त्यांपैकी कितीतरी वाटांवर पहिली पहार पडली ती यांची. त्यांनी बागा लावल्या, बटाटा आणि विलायती भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. स्ट्रॉबेरीचे सगळे श्रेयही त्यांनाच देऊन टाकण्याची हल्ली प्रथा पडली आहे; माझ्या मते भाजीपाल्याचे श्रेय दिले तरी पुष्कळ झाले. १८६४ साली हा तुरुंग मोडला. शिक्षेत सूट मिळालेले काहीजण मात्र गेले नाहीत. भाजीचा मळा करून तिथेच राहिले. जुन्या सरकारी गॅझेटियरात त्यांची नोंद आहे, आणि इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९१६ साली महाबळेश्वरावर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यातही या तुरुंगाची हकिकत आली आहे.

आता याची दुसरी बाजू बघा. आपल्याकडून जे कैदी सिंगापूरला गेले, त्यांनी तिथे काय केले? रस्तेच केले! पूल बांधले, दलदली भरल्या. १८६०च्या सुमारास पुरे झालेले तिथले सेंट अँड्र्यूज हे मोठे चर्च हिंदी कैद्यांच्या मजुरीतून उभे राहिले आहे. त्यांतलेही कित्येक सुटल्यावर तिकडेच राहिले. आपली माणसे त्यांच्याकडे खडी फोडत होती, त्यांची माणसे आपल्याकडे, आणि मुकादम दोहोंकडे एकच.

मुंबईचे चिनी मात्र कैदी नव्हते. ते आले खलाशी म्हणून, जहाजावरचे सुतार म्हणून, गोदीतले कारागीर म्हणून. त्यातले बरेच ग्वांगडुंगमधल्या ‘सी यिप’ भागातले. सी यिप म्हणजे चार परगणे, आपल्या भाषेत चार तालुके म्हणा ना. कोकणातला माणूस गिरणीत कामाला आला की आधी गावकीच्या खोलीवर वळकटी टाकायचा. गोव्याचा खलाशी धोबीतलावच्या आपल्या ‘कुडा’त उतरायचा. त्याच मासल्याने या चार तालुक्यांच्या मंडळींनी १९१९ साली माझगावात, नवाब टँक रस्त्यावर, एक वास्तू उभी केली. नाव ‘सी यिप कून’. खाली कणवेची देवी क्वान यिन, वर क्वान कुंग. हा क्वान कुंग म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला एक सेनापती. शब्दाला जागला म्हणून लोकांनी त्याला देव केले. देशोधडीला लागलेल्या माणसाला असाच देव हवा असतो. दोन वर्षे भेट नसली तरी भावाने घरी पैसे पोचवले असतील, एवढा विश्वास ज्याच्या साक्षीने ठेवता येईल असा.

माझगावाखेरीज कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटवर चिन्यांची वस्ती होती. तिथे अफूचे अड्डे होते, तशा खाणावळीही होत्या. हळूहळू धंदे वाटले गेले. कोणी दातांचे डॉक्टर, कोणी चांभारकाम करणारे, कोणाची केशभूषेची दुकाने. कलकत्त्याची वस्ती यापेक्षा पुष्कळ मोठी आणि जुनी. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात आछू नावाचा चिनी व्यापारी हुगळीकाठी जमीन घेऊन साखर करू लागला. ती जागा आजही अछीपूर म्हणून ओळखली जाते. तिथे मग हाक्का लोक कातडी कमवू लागले, कँटनचे सुतारकाम करू लागले, हुपेचे दात बसवू लागले, आणि शांटुंगचे? ते रेशमाचे गाठोडे घेऊन देशभर हिंडू लागले. माझ्या आजीचा फेरीवाला बहुधा याच शेवटच्या बिरादरीतला असावा. महादेवी वर्मांनी हिंदीत अशाच एका फेरीवाल्यावर लिहिले आहे आणि मृणाल सेन यांनी त्यावरून १९५९ साली बंगालीत चित्रपट काढला, तेव्हा नगरच्या ओसरीवर जे घडत होते ते अलाहाबादेत आणि कलकत्त्यातही घडत होते हे उघड आहे.

मग आले १९६२. २० ऑक्टोबरला युद्ध पेटले. महिन्याभरात, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सीमेवर आपले हजारो जवान कामी आले होते. देशात संताप होता आणि तो साहजिकच होता. पण तो उतरला कोणावर? सरकारने कायदा केला, तो असा की, आईबाप किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी एक जरी कधीकाळी शत्रुराष्ट्राचा प्रजाजन असेल, तर त्या माणसाला परकीयासारखे वागवता येईल. मग तो स्वतः हिंदी नागरिक का असेना. आसामातून, दार्जिलिंगहून, शिलाँगहून सुमारे तीन हजार माणसे उचलली गेली. म्हातारी, लेकुरवाळी, शाळेतली पोरे, सगळी आगगाडीत घालून राजस्थानात देवळी येथील छावणीत नेली. ही तीच देवळी, जिथे इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना डांबले होते आणि त्यांनी उपोषण केले होते. दोन हजारांहून अधिक लोकांना १९६३ साली जहाजाने चीनला पाठवून दिले. त्यांच्यापैकी अनेकांनी चीन डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. आसामात चहाच्या मळ्यावर चार पिढ्या गेलेली माणसे ती. घरात आसामी बोलत. छावणीतले शेवटचे लोक बाहेर पडले ते १९६७ साली. परतून पाहतात तो घरेदारे लिलावात गेलेली. आसामी लेखिका रीता चौधरी यांनी २०१० साली ‘माकाम’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा कुठे पुष्कळांना हे कळले.

मुंबईकडच्या चिन्यांवर देवळीची पाळी फारशी आली नाही. पण पोलिसांत हजेरी, गावाबाहेर जायला परवाना, शेजाऱ्याची नजर, हे होतेच. आता विचार करा, ज्याचे पोटच गावोगाव हिंडण्यावर, त्या फेरीवाल्याने परवान्यावाचून नगरला यायचे कसे? आजीच्या ‘का’चे उत्तर बहुधा इतके साधे असावे. वर्षानुवर्षे लोक निघून जात राहिले. कोणी हाँगकाँग, कोणी ऑस्ट्रेलिया, पुष्कळजण कॅनडात टोरांटोला. तिथे या मंडळींची उपाहारगृहे आहेत. मिरची-आले-लसणाचे ते जेवण तिथले लोक ‘हाक्का’ म्हणून खातात आणि चीनहून नव्याने आलेला माणूस त्याला हिंदुस्थानी म्हणतो.

मंचुरियनची कुळकथाही इथलीच. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग १९७४ साली मुंबईत आले. पुढच्याच वर्षी क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोयाबीनचा काळा रस घातला आणि मक्याचे पीठ लावून दाटपणा आणला. मंचुरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आज खेड्यातल्या लग्नातही ‘गोबी मंचुरियन’ असते. पदार्थाला परवाना लागत नाही.

एक माणूस मात्र उलट्या वाटेने आला. वांग छी हा चिनी सैन्यातला जवान १९६३च्या जानेवारीत सीमेवर वाट चुकला आणि पकडला गेला. सहा-सात वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढल्यावर १९६९ मध्ये त्याला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडी गावी आणून सोडले. आपल्या तुमसरहून जी आगगाडी जाते तेच हे तिरोडी. गिरणीत पीठ दळण्याचे काम त्याने धरले, गावाने त्याचे नाव राजबहादूर ठेवले, गावातल्याच मुलीशी त्याचे लग्न झाले. आईला पत्रे जात, पण भेट नाही. अखेर २०१७च्या फेब्रुवारीत, चोपन्न वर्षांनी, तो मुलाबाळांसह आपल्या गावी जाऊन आला. आई तोवर गेली होती. तिथे पाय ठेवायला भाऊबंद होते, पण बायको तिरोडीला होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सगळे सांगायला एक कारण घडले. २०२०च्या मार्चमध्ये आमच्याकडे मणिपूरच्या एका जवानाची मुलगी शिकायला होती. व्हरांड्यातून जाताना दोन-तीन पोरांनी तिला “ए चिनी, कोरोना!” म्हणून हाक मारली. मी चार पावलांवर होतो. मला ऐकू आले. मी वहीत तोंड खुपसून पुढे गेलो. तिचा बाप त्या वेळी कोणत्या सीमेवर उभा होता, ते तुम्ही ओळखलेच असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ह्युएनत्संग शिकवला, तोच मघाचा उतारा. ती पहिल्या बाकावर होती आणि टिपणे घेत होती. ते शेवटचे कलम मला त्या दिवशी नीट वाचवले नाही. त्यानंतरच मी हे कागद धुंडाळू लागलो.

पुढच्या सहलीला मुलांना महाबळेश्वरी न्याल, तेव्हा स्ट्रॉबेरी खाऊन झाल्यावर गाडी जरा थांबवा आणि पायाखालचा रस्ता कोणी केला ते विचारा. मुंबईला जाणे झाले, तर डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरून माझगावचे ते देऊळही दाखवता येईल. पाटी लहान आहे, सहज नजरेला पडत नाही. क्वान कुंग वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून जावे लागते.