शेतीयंत्रे आणि शेतीतली सुरक्षा: प्राध्यापकीविषयीचे गैरसमज

कृषी अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हणजे ट्रॅक्टर खोलून दाखवणारा मास्तर, हा या क्षेत्राबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज. यंत्रदुरुस्तीचे शिक्षण आयटीआयमध्ये मिळते. कृषी अभियांत्रिकीत यंत्र, जमीन, पाणी, पीक आणि यंत्रावर राबणारा माणूस यांचा एकत्र अभ्यास होतो. भारतात हा पदवी अभ्यासक्रम १९४२ साली अलाहाबादला सुरू झाला. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत तो आहे.

बी.एस्सी. कृषी केले की पुढे यंत्रांच्या शाखेत एम.टेक. करता येते, असेही अनेक घरांत धरून चाललेले असते. ही वाट बारावीलाच फुटते. कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.ला गणित लागते आणि एम.टेक.साठी अभियांत्रिकीचीच पदवी लागते.

शेतातले अपघात निष्काळजीपणामुळे होतात, हा समज मात्र नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. मळणी यंत्राचेच पाहावे. हंगामात रात्री उशिरापर्यंत काम चालते. मजूर पेंढी पुढे सरकवत असतो, फिरत्या ड्रमचे दाते ती ओढून घेतात आणि पेंढीबरोबर हातही आत जातो. दोष थकलेल्या माणसाच्या माथी मारला जातो. खरा दोष पेंढी सरकवण्याच्या आखूड, उघड्या पन्हळीचा असतो. भारतीय मानकानुसार ही पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे बोटे दात्यांपर्यंत पोचत नाहीत. अशा अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. ट्रॅक्टरची गोष्टही तशीच आहे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळपास थांबले. माणसे तीच होती, बदलले ते यंत्र.

सुरक्षा म्हणजे फक्त हातमोजे आणि मास्क, हेही अपुरे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक डोक्याच्या वर गेले की फवारा तोंडासमोर धरावा लागतो. भर उन्हात संरक्षक कपडे अंगावर टिकत नाहीत. त्यामुळे नळीची लांबी, थेंबांचा आकार, पाठीवरचे वजन आणि कापड हे सारे संशोधनाचे विषय ठरतात. त्यासाठी माणसाची मापे लागतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या समन्वयाखाली भारतीय शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची ७९ मापे गोळा करण्यात आली. पुरुषांच्या मापाने केलेला दांडा बाईच्या हातात दिला की तिचा खांदा आणि कंबर दुखणारच. दापोलीचा दातेरी ‘वैभव’ विळा पुन्हापुन्हा पाजळावा लागत नाही आणि कापणारीचे श्रम कमी करतो. असे काम हे सुद्धा अभियांत्रिकीच आहे.

प्राध्यापकी म्हणजे दिवसाचे दोन-तीन तास, असे मानणाऱ्यांना कृषी विद्यापीठाची रचना ठाऊक नसते. तिथल्या शिक्षकाकडे अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे असतात. सकाळी वर्ग, दुपारी यंत्राची चाचणी आणि हंगामात बांधावरची प्रात्यक्षिके. सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.टेक.सोबत नेट किंवा पीएच.डी. लागते, कृषी विषयांची नेट कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ घेते आणि त्यात कृषी यंत्रे व शक्ती हा स्वतंत्र विषय असतो.