नवं गाणं म्हणजे काय?

दर आठवड्याला जगभरात पॉप, रॉक, जॅझची नवी गाणी येतात. पण 'नवं' म्हणायचं कशाला?

2023 साली बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. त्यातला जॉन लेननचा आवाज सत्तरच्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरचा, जॉर्ज हॅरिसनची गिटार 1995ची. दोघंही आज हयात नाहीत. संगणकाने पियानोपासून आवाज वेगळा केला. मग पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार यांनी भर घातली.

नैयायिक म्हणतील, शब्द उत्पन्न होतो आणि विरतो. आज ऐकला तो नवाच. मीमांसक म्हणतील, शब्द नित्य. तो फक्त प्रकट झाला. आपण इथे मीमांसकांकडे झुकू: यंत्राने आवाज घडवला नाही, त्यावरचं आवरण काढलं. पण यंत्रच लेननसारखं गायलं, तर प्रकट झालं ते काय, हे आपल्याला विचारावंच लागेल.