बदलीच्या गावी जागा पाहताना

एप्रिल-मे हे आपल्याकडे बदल्यांचे महिने. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या नियमित बदल्या २००५ च्या कायद्यानुसार याच दोन महिन्यांत होतात. बँकांतील व कारखान्यांतील मंडळीही शक्यतो शाळा सुरू होण्यापूर्वी बिऱ्हाड हलवतात. आदेश हातात पडला की पंधरा दिवसांत जागा शोधायची असते. मग भाडे किती, अनामत किती, कार्यालय किती लांब आणि मुलांची शाळा कुठे, एवढ्या चार प्रश्नांवर सारा निर्णय होतो. या जागेत आपली प्रकृती कशी राहील, हा पाचवा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो दवाखान्यात, सहा महिन्यांनी.

जागा पाहायला घरातील कर्ता पुरुष किंवा नोकरी करणारी स्त्री जाते, आणि ती आपल्या सोयीने जागा पसंत करते. वास्तविक ही व्यक्ती दिवसाचे नऊ-दहा तास बाहेर असते. घरात चोवीस तास राहतात ती म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर किंवा बाळंतीण स्त्री, दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण. म्हणून घरात सर्वांत नाजूक प्रकृती कोणाची आहे हे आधी ठरवावे आणि त्या माणसाच्या नजरेने जागा पाहावी.

एक उदाहरण सांगतो. सोलापूरकडील एका कुटुंबाची बदली रत्नागिरीला झाली. घरात अडुसष्ट वर्षांच्या आजी, जुना दमा, पण औषधाच्या पंपावर प्रकृती ठीक. मे महिन्यात त्यांनी तळमजल्यावरची जागा घेतली. मागे डोंगर, भोवती आंबा-फणसाची गर्द सावली. सोलापूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला ती स्वर्गासारखी वाटली यात नवल नाही. पण सोलापूरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक रत्नागिरीत एकट्या जुलैत पडतो. डोंगराला टेकलेली मागची भिंत जुलैत पाझरू लागली, कपाटातील कपड्यांवर बुरशी चढली आणि आजींचा खोकला रात्री दोन वाजता सुरू होऊ लागला. पंपाचा डोस दुप्पट झाला. गावचे हवामान मानवत नाही असे सगळ्यांनी ठरवून टाकले आणि आजींना परत पाठवण्याची तयारी सुरू झाली. गणपतीनंतर त्यांनी त्याच गावात दुसरी जागा घेतली. ती पहिल्या मजल्यावर होती, वर आणखी एक मजला, आणि सकाळचे ऊन आत येणारी. दिवाळीपर्यंत आजींचा डोस पूर्वीइतका खाली आला. मानवत नव्हते ते गाव नव्हे, ती भिंत.

ओल आणि दमा यांचा संबंध सरळ आहे. ओलसर भिंतीवर बुरशी वाढते आणि तिचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळून श्वासावाटे आत जातात. शिवाय गाद्या-उशांत राहणारे धुळीतील सूक्ष्म कीटक दमट हवेत भराभर वाढतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना या दोन्हींचे वावडे असते. लहान मुलांनाही अशा घरात सर्दी-खोकल्याचा पिच्छा सुटत नाही.

परंतु जागा पाहायची असते मे महिन्यात, तेव्हा भिंती कोरड्या ठणठणीत असतात. मग ओल ओळखायची कशी? एखाद्याच भिंतीला खालचे दोन-तीन फूट ताजा रंग दिलेला असेल तर कारण विचारावे. गिलाव्याचे पोपडे, फुटलेला पांढरा खार, कपाट उघडताच येणारा कुबट वास या खुणा रंगाने लपत नाहीत. पश्चिमेकडून पावसाची झड येते, त्या बाजूच्या खिडक्यांच्या चौकटी फुगल्या आहेत का पाहावे. सर्वांत उत्तम म्हणजे शेजारच्या बाईंना विचारावे, ‘पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता?’ घरमालक जे सांगत नाही ते या एका प्रश्नात कळते.

कोकण सोडून विदर्भात किंवा खानदेशात जाणाऱ्यांनी नेमके उलटे पाहावे. चंद्रपूर, अकोला, जळगाव येथे स्लॅबखालची वरच्या मजल्याची जागा मे महिन्यात रात्रीही निवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतो. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते, पण वृद्धांना आणि हृदयविकार व ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ती होणे अवघड जाते. अशा गावी वृद्ध माणूस बरोबर असेल तर मधला मजला घ्यावा, थोडे भाडे जास्त पडले तरी. औद्योगिक गावात धुराचाही विचार आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होते. धूर हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत साचतो, तो दुपारी जागा पाहणाऱ्याला दिसत नाही. गच्चीवर बोट फिरवून पाहावे, काळी पूड किती बसते ते समजते.

पाणी : गोडी आणि शुद्धता वेगळी

‘पाणी कसे आहे?’ असे विचारले की ‘चोवीस तास आहे’ असे उत्तर येते. पण ते कुठून येते, नळाचे की बोअरचे की टँकरचे, हे विचारले पाहिजे. बोअरच्या पाण्याला वास नसतो, ते नितळ दिसते, आणि तरीही त्यात असे क्षार असू शकतात की जे डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी आठ वर्षांखालील मुलांना सतत मिळाले तर त्यांच्या कायमच्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग उमटतात आणि ते जन्मभर राहतात. फार जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे व सांधे आखडतात.

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. हे सुशिक्षित घरांतही माहीत नसते. नायट्रेट जास्त असलेले पाणी सहा महिन्यांखालील बाळाच्या वरच्या दुधात घालू नये, कारण त्याने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. नव्या गावी गेल्यावर शाळा सुटताना दारात पाच मिनिटे उभे राहावे आणि तेथेच वाढलेल्या मुलांचे दात पाहावेत. ओळीने डाग दिसले तर बोअरचे पाणी तपासल्याशिवाय मुलांना देऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात तर पाण्याची खारट चवच सावध करते. तेथे मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला नेताना त्याच्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

मोठ्या शहरात पाण्याची काळजी नको, असा एक समज आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारी या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडेच वळली. तो बराचसा भाग महापालिकेत अलीकडे सामील झालेल्या गावांचा आहे. शहरे वाढतात, इमारती आधी उभ्या राहतात आणि जलवाहिन्या मागाहून येतात. नोकरीसाठी शहरात गेलेली तरुण मंडळी स्वस्त भाड्यामुळे नेमकी याच कडेच्या वस्तीत उतरतात. तेथे पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओटी टेस्टने मिनिटाभरात कळते. गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, हेही विचारावे. बोअर आणि शौचखड्डा यांत निदान पन्नास फुटांचे अंतर हवे. टाकीला झाकण नसेल तर डेंग्यूच्या डासांची सोय आयतीच झाली म्हणायची.

न्हाणीघर पाहायला विसरू नये. गॅसचा गीझर आत बसवलेला असेल आणि हवेला वाट नसेल तर ती जागा घेऊ नये, किंवा गीझर बाहेर बसवून मागावा. कोंडलेल्या जागेत गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असते. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूच्या बातम्या याच वृत्तपत्रांत येतात.

अप-डाऊनचा हिशेब

मुलांची शाळा मोडायची नाही म्हणून बिऱ्हाड जिल्ह्याच्या गावीच ठेवून रोज अप-डाऊन करणारे शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका आपल्याकडे हजारोंनी आहेत. जायला दीड तास, यायला दीड तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तरी पंधरा तास झाले. हे पंधरा तास कुठून तरी काढावे लागतात. ते निघतात झोपेतून, चालण्याच्या व्यायामातून आणि गरम जेवणातून. दोन-तीन वर्षांत ॲसिडिटी, कंबरदुखी आणि वाढलेले ब्लडप्रेशर घेऊन ही मंडळी दवाखान्यात येतात.

स्त्रियांचा एक त्रास उघडपणे बोलला जात नाही. वाटेत आणि कामाच्या जागी स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक शिक्षिका सकाळपासून पाणीच पीत नाहीत व लघवी रोखून धरतात. मूत्रमार्गाचे वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि मूतखडे यांचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. मधुमेह्यांचा धोका निराळाच. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन, न खाता, सहाची बस पकडली किंवा मोटारसायकलला किक मारली, तर वाटेत साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते. दुचाकीवर ती जिवावर बेतते.

माझे मत विचाराल तर एकेरी प्रवास एका तासाच्या वर जात असेल तर अप-डाऊन करू नये. सर्वांनीच त्या गावी जावे असे नाही. पती-पत्नी दोघे नोकरीत असतील तर दोघांच्या मधले, एस.टी.चा चांगला थांबा असलेले गाव निवडता येते. शाळेचे नाव मोठे असावे हा आग्रह मात्र थोडा सैल करावा. संध्याकाळी सातला थकून आलेल्या, चिडचिड्या आई-बापापेक्षा साध्या शाळेतील मुलाला पाचला घरी येणारे आई-बाप अधिक उपयोगी पडतात. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्यांनी रात्रीचा डबा आधी ठरवावा आणि मग खोली. वडापाव आणि संगतीतली बाटली यांनी चांगल्या ताब्यातील मधुमेह वर्षभरात बिघडलेला मी पाहिला आहे.

वृद्ध, हृदयरोगी किंवा गरोदर स्त्री बरोबर असेल तर जवळचे रुग्णालय दिवसा नव्हे, रात्री दोन वाजता उघडे असते का, याची चौकशी करावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, पण ती दारापर्यंत येईल असा रस्ता हवा. अरुंद बोळातील तिसरा मजला, लिफ्ट नाही, अशी जागा पक्षाघात झालेल्या माणसाला उतरवताना फार महाग पडते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

सामान बांधताना मुलांच्या लसीकरणाचे कार्ड, जुने ईसीजी, रक्ताचे अहवाल आणि चष्म्याचा नंबर एका पिशवीत हाताशी ठेवावेत, ट्रकमध्ये टाकू नयेत. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगावे. निक्षय क्रमांकावर तो नव्या गावी वर्ग करून मिळतो, एकही दिवस खंड पडता कामा नये. नेहमीच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या न्याव्यात आणि त्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवावीत. नव्या औषधाच्या दुकानात गोळी रंगावरून मागू नये, पाकिटावरचे नाव दाखवावे.