उघड्या मोटारीचा सुटा टप : दुरुस्ती कशी करावी, बदल किती करावा

जुन्या शौकीन मोटारीचे काम आमच्या कारागीर बंधूंकडे रोज येत नाही. पण येते तेव्हा एक तर चांगली मजुरी देऊन जाते, नाही तर चांगलेच नुकसान करून जाते. आमचा धंदा कापडाचा. गाडीच्या आतील अस्तराचे कापड घेण्यासाठी रेक्झिनवाले आणि सीटकव्हरवाले आमच्याकडे येतात, त्यामुळे या कामाची माहिती आम्हाला ठेवावी लागते. त्यातलाच एक नाजूक विषय आज घेत आहोत : उघड्या गाडीवर बसवायचा आणि काढून ठेवता येणारा टक्कर टप, ज्याला हार्डटॉप म्हणतात.

उदाहरणासाठी अमेरिकेची फोर्ड थंडरबर्ड घेऊ. ही दोन आसनी गाडी फेब्रुवारी १९५४ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात मांडली गेली. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन मॉडेल-वर्षांत मिळून ५३,१६६ गाड्या निघाल्या. हिचा सुटा टप पत्र्याचा नसून फायबरचा होता. त्यात एक दोष होता. टपाचे मागचे कोपरे रुंद असल्याने चालवणाऱ्याला बाजूने मागून येणारी गाडी दिसत नसे. म्हणून १९५६ पासून कंपनीने कोपऱ्यांत जहाजाच्या खिडकीसारखी गोल काच बसवलेला टप देऊ केला. ही गोल खिडकी पुढे या गाडीची ओळखच बनली.

याचा अर्थ टपात बदल करणे मुळातच चूक नाही. तो कंपनीनेच केला. परंतु कंपनीने तो साच्यात केला, आपण करवतीने करणार. साचा पुन्हा भरता येतो, कापलेला टप मात्र पूर्ववत होत नाही. सबब, या कामाचा पहिला नियम असा की जे परत उलटवता येईल ते खुशाल करावे, आणि जे उलटवता येणार नाही त्यास दहा वेळा विचार करून हात लावावा.

प्रथम बसवणी, मग दुरुस्ती

टप हा टेबलावर ठेवून दुरुस्त करण्याचा जिन्नस नव्हे. तो पुढे काचेच्या चौकटीला आणि मागे बॉडीला घट्ट आवळला जातो. गाडीची बॉडी किंचित बसली असेल किंवा दरवाजे खाली झुकले असतील, तर सगळा ताण टपावर येतो आणि आवळण्याच्या जागी भेगा पडतात. अशा भेगेवर नुसती लांबी भरून रंग दिला, तर काही महिन्यांत भेग पुन्हा डोके वर काढते आणि बदनामी कारागिराची होते. म्हणून आधी टप गाडीवर चढवून चारही बाजूंची फट मोजावी व भेगेचे कारण शोधावे.

फायबरवरचा रंग काढताना पत्र्यासाठी वापरतात ते रंग उतरवण्याचे औषध लावू नये. ते खालचे रेझिनही खाऊ शकते. पॉलिश पेपरने हाताने घासणे सावकाशीचे, पण सुरक्षित आहे. भेग दोन्ही बाजूंनी उतार देऊन रुंद करावी, अ‍ॅसिटोनने पुसावी आणि मॅट व रेझिनचे पातळ थर एकावर एक द्यावेत. ओले काम सुकेपर्यंत टप गाडीवर किंवा त्याच आकाराच्या घोडीवर आवळलेला असावा. मोकळा ठेवल्यास तो वाकून सुकतो. पावसाळ्यात दमट हवेत हे काम टाळलेले बरे.

जिवाची काळजी

पॉलिएस्टर रेझिनला लावायचे हार्डनर साधारण १ ते २ टक्केच घालावे. जास्त घातल्याने काम लवकर होते, पण थर तापून ठिसूळ बनतो. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत; स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट घोळवून घ्यावे, मगच हार्डनर टाकावे. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. फायबर घासताना उडणारी धूळ तोंडावर रुमाल बांधून अडत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क घ्यावा. त्याची किंमत दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही. दुकानातील शिकाऊ मुलांच्या बाबतीत ही जबाबदारी उस्तादाची आहे.

रबर आणि अस्तर

रंग देण्यापूर्वी नवे रबर बसवून एकदा टप आवळून पाहावा. जाड रबरामुळे टप उचलला गेला, तर ते रंगानंतर कळून उपयोग नाही. रबर आणि बॉडीमध्ये कागदाची पट्टी ठेवून ओढावी. जिथे ती सहज निघते तिथून पाणी येणार. शेवटी पाण्याची धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी, म्हणजे गळतीची नेमकी जागा सापडते.

अस्तर सर्वांत शेवटी. मागे फोम चिकटवलेले जुने अस्तर लोंबकळू लागते, कारण कापड नव्हे तर आतला फोम सडून त्याची भुकटी होते. त्यावरच पुन्हा चिकटवण्यात अर्थ नाही. भुकटी पूर्ण खरवडून काढावी. गोंद उष्णता सोसणारा घ्यावा, कारण उन्हात उभ्या गाडीचा टप चांगलाच तापतो. सुती कापड असल्यास आधी भिजवून आटवून घ्यावे. गोलाईवर कापड उरेब बेतले तर सळ पडत नाही. तागा वाचवण्यासाठी आडवे-उभे जोडू नये.

खिडकी कापावी काय?

गिऱ्हाईक कधी म्हणते, माझ्या साध्या टपाला गोल खिडकी करून द्या. १९५५ च्या गाडीवर साधा टप हाच अस्सल आहे. अस्सलपणा गेला की अशा गाडीची किंमत घसरते. आपल्या देशात जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला आधीच फोडून सांगावे आणि शक्यतो आधीच मोडका असलेला दुसरा टप आणावयास लावावा. तरीही त्याचा आग्रह असेल, तर लेखी मंजुरी घ्यावी, पुठ्ठ्याचा साचा करून दोन्ही बाजू जुळवाव्यात, भोक आधी लहान कापून कानशीने वाढवावे, कापलेली कड रेझिनने बंद करावी आणि काच सेफ्टीचीच बसवावी.

हिशेबाचेही तसेच. काम घेताना टपाचे फोटो काढावेत, फायबर, रबर, रंग आणि अस्तर यांचा खर्च वेगवेगळा लिहून द्यावा, आणि काढलेले जुने क्लॅम्प, स्क्रू, रबर पिशवीत भरून मालकाला परत करावेत. आपल्याला जे भंगार वाटते, तेच त्याला बाजारात पुन्हा मिळत नाही. गिऱ्हाइकाची वस्तू ही आपल्याकडे अमानत असते. ती सांभाळणाऱ्या कारागिराकडे दुसरे गिऱ्हाईक पहिलेच पाठवते.