सुताचा अंक आणि मंडळाची सरासरी : गणिताचे शिक्षक घडवताना

(वर्धा येथे बी.एड.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी गणिताचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र. पण निवृत्तीनंतर सराव पाठ बघायला मला अधूनमधून बोलावतात आणि मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो. अशाच एका पाठाला, आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी, नववीच्या वर्गात सांख्यिकी चालू होती. आपल्यासारखाच एक होतकरू शिक्षक फळ्यावर मध्य काढत होता. सगळ्या संख्यांची बेरीज, भागिले एकूण संख्या. उदाहरण पावसाचं होतं. एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, सरासरीइतका पाऊस पडला म्हन्ते, मंग आमच्या वावरात काहून नाही?’’

शिक्षक म्हणाला, ‘‘हे परीक्षेत येत नाही.’’ ती बसली.

मला त्याचा राग आला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला विचारलं असतं तर मलाही उत्तर देता आलं नसतं. त्या मुलीला नीट उत्तर द्यायला शिक्षकाला काय काय ठाऊक असायला हवं, याचा विचार मी घरी येऊन केला. आजचं व्याख्यान म्हणजे तोच विचार आहे.

आधी आपल्या गावाची आठवण. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. त्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती निघाली आणि तिच्या आराखड्याला ‘वर्धा योजना’ हे नाव पडलं. पुढे सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघानं आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्या देखरेखीखाली ते काम चालवलं. आपण ‘नई तालीम’ म्हणतो आणि चरखा डोळ्यांपुढे आणून थांबतो. पण समितीनं गणिताबद्दल जे मांडलं ते फार नेमकं आहे : मुलाला त्याच्या हस्तोद्योगात, घरात आणि गावात उभे राहणारे हिशेब सोडवता आले पाहिजेत. आणि हे शिकवणारा शिक्षक सहज मिळणार नाही, हेही समितीनं ओळखलं होतं. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वेगळा अभ्यासक्रम तिनं दिला.

आता चरख्यात गणित कुठे आहे ते पाहू. खादीत सुताला ‘अंक’ असतो. वीस अंकी, चाळीस अंकी. अंक वाढला की सूत बारीक. आज गुंडी हजार मीटरची धरतात. वीस अंकी सुताची गुंडी तोलली तर साधारण साडेएकोणतीस ग्रॅम भरते. दहा अंकी एकोणसाठ ग्रॅम. चाळीस अंकी पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास. आता पाहा : अंक आणि वजन यांचा गुणाकार प्रत्येक वेळी ५९० च्या जवळ येतो. हा ५९० कुठून आला? अंकाची जुनी व्याख्या अशी : एका पौंडात ८४० यार्डाच्या जितक्या लडी बसतील तितका अंक. यार्डाचे मीटर करा, पौंडाचे ग्रॅम करा, ५९० हाती येतात. म्हणजे वजन हातात आलं की अंक काढता येतो : ५९० भागिले वजन.

आठवीच्या पुस्तकात ‘चलन’ नावाचा धडा आहे, त्यातलं हे व्यस्तचलन. आणि अकरावीत ‘फल’ नावानं जे येतं, तेही हेच. ‘फल’ हा शब्द ऐकून मुलांना आंबा आठवतो, हरकत नाही. एक वस्तू आत टाकायची, ठरलेल्या नियमानं एकच वस्तू बाहेर येते. वजन टाकलं, अंक आला. ‘एकच’ हा शब्द सोडू नका. सगळं मर्म त्यात आहे.

इथे मला माझं न्यायशास्त्र आठवतं. ‘जिथे धूर तिथे अग्नी’, याला व्याप्ती म्हणतात. पण ती उलटी फिरवता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आपल्या जुन्या नैयायिकांनी हेच उदाहरण दिलं आहे. फलालाही दिशा असते. हजेरी क्रमांक सांगा, मी त्या मुलाचे गुण सांगतो. पण ‘६२ गुण’ सांगून मुलगा विचाराल तर तीन मुलं उभी राहतील. सुताच्या बाबतीत नशिबानं दोन्ही दिशा चालतात, वजनावरून अंक आणि अंकावरून वजन. सगळीकडे असं नसतं, हे शिक्षकानं मुलांच्या लक्षात आणून द्यायचं. युरोपातसुद्धा ही कल्पना एका दिवसात स्पष्ट झाली नाही. ऑयलरनं १७४८ च्या ग्रंथात फल म्हणजे सूत्र असं धरलं. सूत्र असो वा नसो, एकाला एक अशी ठरलेली जोडी पुरे, हे डिरिक्लेनं १८३७ मध्ये मांडलं. जवळजवळ नव्वद वर्षं लागली. तेव्हा तुमच्या वर्गातल्या मुलाला दोन तासिका जास्त लागल्या तर चिडू नका.

आता दुसरी बाजू. दोन कातणाऱ्या बाया घ्या. पहिलीच्या पाच गुंड्यांची वजनं : २९, ३०, २९, ३१, ३१ ग्रॅम. दुसरीची : २०, ४०, २५, ३८, २७. दोन्हींची बेरीज १५०, दोन्हींचा मध्य ३०. परीक्षेत दोघींना सारखेच गुण. पण विणकराला विचारा. पहिलीचं सूत तो आनंदानं घेईल. दुसरीचं कुठे जाड, कुठे बारीक. मागावर तुटेल, कापडात पट्टे पडतील. खादीच्या कामात सुताची समानता नुसत्या बारीकपणाइतकीच मोलाची मानतात, ती याचसाठी. मध्य सांगतो की आकडे कशाभोवती जमले आहेत. ते किती विखुरले आहेत, हे तो सांगत नाही.

आणि इथे आपल्या पाठ्यक्रमातली एक फट दिसते. गेल्या काही वर्षांच्या दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक आहेत, आयतालेख आहे, वृत्तालेख आहे. आकड्यांचं विखुरणं मात्र अकरावीत. फलसुद्धा त्या नावानं अकरावीतच. पण दहावीनंतर गणित सोडणारी मुलं किती असतात, ते तुम्ही तुमच्याच गावात पाहता. त्यांना जन्मभर सरासरी भेटणार, आणि सरासरीला प्रश्न कसा विचारायचा हे कुणी शिकवलेलं नसणार. प्रमाण विचलनाचं सूत्र नका शिकवू. सगळ्यांत मोठ्यातून सगळ्यांत लहान वजा करा. पहिलीचे २, दुसरीचे २०. नववीच्या मुलाला एवढं पुरतं.

एक गंमत सांगतो, ही शिक्षकासाठी आहे. दुसरीच्या पहिल्या दोन गुंड्या घ्या, २० आणि ४० ग्रॅम. वजनाचा मध्य ३०, त्याचा अंक १९.७. आता उलट करा. आधी प्रत्येकीचा अंक काढा : २९.५ आणि १४.७५. यांचा मध्य २२.१. उत्तर बदललं! चूक कुठेच नाही. आधी सरासरी आणि मग फल, किंवा आधी फल आणि मग सरासरी, ही दोन वेगळी कामं आहेत. कोणतं करायचं हे प्रश्न ठरवतो. सगळं सूत एकत्र तोलायचं असेल तर पहिलं. भावी शिक्षकानं हे एकदा स्वतः कागदावर करून थक्क व्हावं, अशी माझी इच्छा आहे. जो स्वतः कधी थक्क झाला नाही, तो मुलांना काय थक्क करणार?

तर मग फल कुठे आणि सांख्यिकी कुठे? सोपी खूण सांगतो. एकाला एकच उत्तर मिळतं तिथे फल. एकाच दिवशी, एकच बियाणं, एकाच गावात पेरलं तरी दहा वावरांत दहा उतारे येतात, तिथे सांख्यिकी लागते. मुलं खत आणि उतारा यांचे बिंदू आलेखावर मांडतात आणि पट्टी ठेवून सगळे बिंदू रेषेवर का बसत नाहीत म्हणून रडकुंडीला येतात. त्यांना सांगा, बाळांनो, इथे रेषा नसते, इथे ढग असतो. ढग कोणत्या बाजूला झुकला आहे तेवढं बघा.

आता त्या मुलीच्या वावराकडे येऊ. पीक विम्याचं गणित पाहा. पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाईत एक ‘उंबरठा उत्पन्न’ ठरतं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि ठरलेल्या जोखीम स्तरानं गुणायचं. कल्पित आकडे घेतो. सात वर्षांचा हेक्टरी उतारा क्विंटलमध्ये : ९, १२, ४, ११, १०, ३, ८. चांगली पाच : १२, ११, १०, ९, ८. बेरीज ५०, मध्य १०. जोखीम स्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ७ क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी ५ आली तर तूट २. भरपाई विमा रकमेच्या दोन सप्तमांश. रक्कम ४९,००० असेल तर १४,००० रुपये. सरासरी ६ आली तर ७,०००. सातला शून्य. आठला शून्य, बारालाही शून्य.

याचा आलेख मुलांकडून काढून घ्या. रेषा खाली उतरत येते, सातपाशी जमिनीला टेकते आणि मग सरळ आडवी जाते. दोन तुकड्यांचं हे फल आहे. धूर-अग्नीची गोष्ट आठवा : शून्य भरपाईवरून पीक किती झालं हे सांगता येत नाही. आणि या फलात आत काय टाकतात? तुमच्या वावराचा उतारा नाही. अख्ख्या महसूल मंडळाची सरासरी. मंडळाची सरासरी साडेसात आली आणि नदीकाठच्या एकाचा उतारा दोनच क्विंटल आला, तर या हिशेबानं त्याला काही नाही. उलट सरासरी पाच आली आणि एखाद्याला अकरा क्विंटल झाले, तरी त्यालाही भरपाई. ही कुणाची लबाडी नाही. प्रत्येक वावर मोजणं अशक्य म्हणून स्वीकारलेली ती रीत आहे. पण ज्याच्या बापाला शून्य आलं, त्या मुलाला ती रीत समजण्याचा हक्क आहे. समजली तर तो विचारेल : प्रयोगाची वावरं कशी निवडली? किती होती? मंडळ फार मोठं आहे का? हे प्रश्न संतापापेक्षा जास्त कामाचे आहेत.

हा ‘कशी निवडली’ प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला, त्यांतले एक आपल्या मराठी मुलुखातले होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्हा. १९४० च्या दशकात दिल्लीत पीक कापणीचे प्रयोग यादृच्छिक निवडीनं कसे करावेत, याची घडी त्यांनी बसवली. रस्त्याकडचं, सोयीचं वावर घ्यायचं नाही. चिठ्ठी निघेल तेच घ्यायचं. त्यांचा आणि महालनोबिसांचा वाद प्रसिद्ध आहे. तुकडा फार लहान घेतला तर उतारा खोटाच जास्त दिसतो, असं सुखात्मे म्हणत. का? दोरीवर उभं असलेलं झाड आतलं की बाहेरचं? कापणारा हात ते आत ओढतो. चौरसाची बाजू एक मीटर असेल तर परिमिती भागिले क्षेत्रफळ ४. बाजू दहा मीटर असेल तर ०.४. तुकडा लहान तितकं काठाचं वजन जास्त. पाहा, पुन्हा व्यस्तचलनच! सांख्यिकीच्या पोटात फल निघालं.

आता तुमच्यासाठी. २०१५ पासून तुमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. शाळेत आणि शाळेसंबंधीच्या कामात किमान २० आठवडे काढायचे असतात. त्यातले थोडे दिवस या तीन कामांना द्या. एक : सेवाग्रामला किंवा गोपुरीला जाऊन दहा गुंड्या तोला, अंक काढा, आलेख काढा. तोच नियम वाक्यात, तक्त्यात, आलेखात आणि सूत्रात मांडा. या चार रूपांत ये-जा करता आली की फल समजलं असं समजा. दोन : आपल्या गावातल्या वीस शेतकऱ्यांचा उतारा विचारा. मध्य आणि मध्यक दोन्ही काढा. दोघांत अंतर पडलं तर ते कोणामुळे पडलं ते शोधा. मात्र वर्गात नावं सांगू नका. कुणाच्या घरची तूट हे फळ्यावरचं उदाहरण नव्हे. तीन : विम्याचं सूत्र घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा. आई-बाबांना समजलं तर पाठ तयार झाला.

त्या मुलीला मी आज काय सांगेन? म्हणेन, ‘‘बेटा, तू बरोबर आहेस आणि सरासरीही बरोबर आहे. सरासरी ही सगळ्यांची मिळून असते, ती कुणा एकाच्या वावरात पडत नाही. चल, आपण तुमच्या वहीत पाऊस लिहू. या गावाचा, त्या गावाचा, रोजचा. मग बघू कुठे किती फरक आहे.’’

ती मुलगी आता कुठे आहे, मला माहीत नाही. पण तशी एकजण तुमच्याही वर्गात हात वर करेल. त्या वेळी ‘परीक्षेत येत नाही’ असं म्हणू नका. एवढंच मागतो.